मदत वेगळी, जाब वेगळा : दहशतवादी हल्ल्यात जोडीदार गमावलेल्यांसाठी नागपुरातून पाठपुराव्याची वाट

हल्ला काश्मिरात झालेला असो, मुंबईत असो की गडचिरोलीच्या एखाद्या डांबरी रस्त्यावर, मागे राहिलेल्या नागपूरकर बायकोच्या किंवा नवऱ्याच्या पुढच्या फेऱ्या बहुतेक सिव्हिल लाईन्समध्येच होतात. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, विधानभवन, जीपीओ म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, सगळं त्याच पट्ट्यात आहे. या फेऱ्या ज्यांना नुकत्याच सुरू करायच्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वकील लागेलच. पण वकिलासमोर बसताना हातात काय असावं आणि कोणती मुदत तोवर निसटू देऊ नये, एवढं यातून कळेल.

पहिलं काम : दोन फायली

स्टेशनरीच्या दुकानातून वेगवेगळ्या रंगांच्या दोन फायली घ्या. एकीवर ‘मदत’ लिहा, दुसरीवर ‘जाब’. सानुग्रह रक्कम, नोकरी, मुलांचं शिक्षण, विमा, पेन्शन हे मदतीच्या फायलीत. धोक्याची सूचना होती का, बंदोबस्त कुणाकडे होता, पहिलं पथक किती वाजता पोचलं, चौकशी कुणी केली आणि तिचं पुढे काय झालं, हे जाबाच्या फायलीत.

ही विभागणी पाळा, कारण सरकारी टेबलांना आणि आपल्याच नात्यागोत्यातल्या काही जणांना या दोन्ही गोष्टी एकच वाटतात. ‘पैसे मिळाले ना, आता कशाला?’ हे वाक्य बाहेरच्यांआधी घरात ऐकू येतं. मदत योजनेप्रमाणे मिळते. ती घेतली म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क संपत नाही. मात्र सही करताना कागद पूर्ण वाचा. ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा अर्थाचं हमीपत्र कुणी पुढे केलं, तर ‘वकिलांना दाखवून देते’ म्हणा आणि घरी घेऊन या. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर जो भरपाई निधी उभारला, त्यातून पैसे घेणाऱ्याला विमान कंपन्यांवर दावा करण्याचा हक्क सोडावा लागत होता, आणि ती अट कायद्यातच लिहिलेली होती. त्याच हल्ल्यानंतर न्यू जर्सीतल्या चार विधवांनी इतर कुटुंबांसोबत वॉशिंग्टनच्या चकरा मारून स्वतंत्र आयोगाची मागणी लावून धरली. नोव्हेंबर २००२ मध्ये आयोग नेमला गेला, जुलै २००४ मध्ये त्याचा अहवाल आला. सरकारला आधी आयोग नकोच होता.

कागदपत्रं

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. म्हणजे पहलगामला झाली असेल तर मृत्यूचा दाखला नागपूर महापालिका देणार नाही. अंत्यसंस्काराच्या नोंदीची पावती नागपूरची आणि दाखला तिकडचा, अशी जोडी जपावी लागते. दाखल्याच्या निदान दहा मूळ प्रती मागवून घ्या. नावाचं स्पेलिंग आधार, विवाह नोंदणी आणि बँकेतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते दाखला हातात पडताच बघा. नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा तिकडचंच कार्यालय गाठावं लागतं.

त्याशिवाय एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, जखमी असताना दवाखान्यात नेलं असेल तर केसपेपर, प्रवासाची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग. फोनमधले त्या दिवशीचे फोटो आणि मेसेज कुणाला पाठवण्याआधी जसेच्या तसे एका पेनड्राईव्हवर उतरवून ठेवा. तपास यंत्रणेने फोन ताब्यात घेतला तर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागा.

वारसाचा कागद हा वेगळाच विषय आहे, आणि घराघरांत तिथेच गाठ बसते. बँकेतल्या ठेवी, शेअर यांसाठी भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून काढतात. महाराष्ट्रात वारस दाखला १८२७ च्या मुंबई विनियमाखाली न्यायालयच देतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाच्या मृत्यूनंतर पत्नी, मुलं आणि त्याची आई हे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांना सारखा वाटा. वडील त्या वर्गात नाहीत. सासूबाईंचा हक्क कायद्यानेच आहे, तेव्हा तेराव्यानंतर एखाद्या शांत दुपारी कुणी जाणतं माणूस मध्ये बसवून हे बोलून घ्या. सासू-सुनेचे दोन वेगवेगळे अर्ज एकाच टेबलावर पोचले की वाद मिटेपर्यंत फाईल बाजूला पडते. पुढच्या पायऱ्यांवर ते तुम्हाला परवडणार नाही.

पोच

ही पायरी सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या. आवक खिडकीवरचा माणूस म्हणेल, ‘ठेवून जा ना ताई, होऊन जाते.’ तो मनाने वाईट नसतो. पण तुम्ही हलायचं नाही. ‘पोच द्या ना भाऊ’ म्हणून दुसरी प्रत पुढे करायची. त्या प्रतीवर गोल किंवा चौकोनी शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि आद्याक्षरी सही, एवढं उमटलं की अर्ज दिला असं धरायचं. नुसता शिक्का असेल आणि क्रमांकाची जागा कोरी असेल, तर तिथेच क्रमांक लिहून मागा. पुढच्या वेळी ‘तो अर्ज कुठं आहे’ असं विचारलं तर कुणी शोधत नाही, ‘आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक’ म्हटलं की रजिस्टर उघडतं.

नागपूरबाहेरच्या कार्यालयांना जीपीओतून स्पीड पोस्ट करा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या माणसांच्या सवयीने ‘आरपीएडी करा’ असं कुणी सांगितलं तर गोंधळू नका. पोचल्याचा पुरावा मागून घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ.

मदतीची फाईल, थोडक्यात

केंद्र सरकारची दहशतवादी, जातीय आणि नक्षली हिंसाचारातल्या नागरिकांसाठीची मदत योजना १ एप्रिल २००८ पासून आहे. सुरुवातीला मृताच्या कुटुंबाला ३ लाख रुपये मिळत. २४ ऑगस्ट २०१६ पासूनच्या घटनांसाठी ते ५ लाख झाले. रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जाते, तीन वर्षं मोडता येत नाही, व्याज खात्यात येत राहतं. पडताळणी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती करते. घटना परराज्यातली असेल तर नागपूरच्या आणि तिथल्या, दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या. राज्याकडून काही मिळालं म्हणून केंद्राची मदत बाद झाली, असं स्वतःहून धरून चालू नका.

राज्य सरकारच्या घोषणेचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यात २६ जण मारले गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा. महिना संपायच्या आत राज्याने प्रत्येक कुटुंबाला ५० लाख रुपये आणि नोकरीची घोषणा केली. अशी घोषणा टीव्हीवर होते, पैसे मात्र शासन निर्णयाने येतात. तुमच्या बाबतीत घोषणा झाली असेल तर राज्याच्या संकेतस्थळावर शासन निर्णय शोधा आणि त्याचा क्रमांक व तारीख फायलीच्या पहिल्या पानावर लिहा. निर्णय निघालाच नसेल तर पाठपुरावा मंत्रालयातल्या त्या विभागाकडे करायचा. जिल्हाधिकारी कार्यालयात भांडून उपयोग नाही, त्यांच्या हातात कागदच नसतो.

बळी पडलेल्यांच्या भरपाईची दुसरी वाट नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३९६ मधून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाते. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे आणि मोफत वकीलही तिथेच मिळतो. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, कितीही कमावत्या असोत. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुरुष जोडीदाराला बहुधा उत्पन्नाची मर्यादा दाखवावी लागेल. फोनवर विचारायचं तर १५१००.

मुलं दहावी-बारावीत असतील तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या कोट्यातल्या एमबीबीएस, बीडीएसच्या जागांची चौकशी वेळेत करा. त्या जागांवर दहशतवादबळींच्या मुलांबरोबर जोडीदारालाही अर्ज करता येतो.

जोडीदार पोलिसात किंवा केंद्रीय दलात असेल तर मदतीची सगळी वाट त्या दलाच्या कल्याण शाखेतून जाते, नियमही वेगळे. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभूरखेड्याजवळ भूसुरुंग स्फोट झाला. त्यात १५ पोलीस आणि खासगी गाडीचा चालक असे १६ जण गेले. गाडी एक, स्फोट एक, पण पोलीस आणि चालक दोन वेगळ्या नियमांखाली येतात. तुमचा माणूस कंत्राटी, रोजंदारी किंवा भाड्याच्या गाडीवर असेल तर तो कामावर असल्याचा पुरावा, म्हणजे गाडीचं मागणीपत्र, लॉगबुक, ठेकेदाराची हजेरी, आधी गोळा करा.

जाबाची फाईल : प्रश्न कसा विचारायचा

आता मुख्य काम. ‘सुरक्षा का नव्हती?’ हा तुमच्या मनातला प्रश्न अगदी खरा आहे, पण माहितीच्या अधिकारात त्याचं उत्तर येत नाही. कायदा फक्त कार्यालयाच्या दप्तरी असलेला कागद देतो. म्हणून ‘का’ बाजूला ठेवा आणि ज्या कागदात ते ‘का’ दडलं आहे तो मागा. आदेश, नोंदवही, पत्र, बैठकीचं इतिवृत्त.

याचा चांगला धडा महाराष्ट्रातच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. करकरे मूळचे नागपूरचे, इथल्याच विश्वेश्वरय्या कॉलेजचे, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीचे इंजिनिअर.  पोलीस नियंत्रण कक्षातल्या त्या रात्रीच्या संभाषणाच्या नोंदी कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात मागितल्या आणि चिकाटीने मिळवल्या. कुणी किती वाजता काय कळवलं, मदत कधी मागितली, हे त्या नोंदींत होतं. कविता करकरे यांनी नवऱ्याच्या बुलेटप्रूफ जॅकेटबद्दल विचारलं, तेव्हा ते जॅकेटच सापडत नसल्याचं समोर आलं. एक वस्तू, एक नोंदवही, एवढ्याच गोष्टींना धरून त्या दोघींनी जे उघडं केलं ते सभागृहातल्या लांबलचक चर्चांना जमलं नव्हतं.

तुमच्या अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवा :

‘दिनांक … रोजी … येथे झालेल्या हल्ल्यात माझे पती/माझी पत्नी मृत्यू पावले/पावली. त्यासंबंधी पुढील अभिलेखांच्या प्रती द्याव्यात. १) घटनेच्या दिवशी सदर स्थळ लोकांसाठी खुले ठेवण्याबाबत लागू असलेला आदेश किंवा परवानगी. २) त्या दिवशी सदर स्थळाच्या बंदोबस्ताची जबाबदारी ज्या कार्यालयाकडे होती, ते दर्शवणारा आदेश. ३) घटनेची पहिली सूचना मिळाल्याची आणि पहिले पथक व रुग्णवाहिका पोचल्याची वेळ असलेली नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीतील पाने. ४) घटनेबाबत चौकशी नेमली असल्यास तो आदेश, तिची कार्यकक्षा व मुदत.’

पहिला मुद्दा उगाच नाही. पहलगामचा हल्ला जिथे झाला ते बैसरनचं पठार पर्यटकांसाठी कधीपासून, कुणाच्या परवानगीने खुलं होतं यावर हल्ल्यानंतर परस्परविरोधी विधानं झाली. अशा वेळी दिलेला आदेश किंवा ‘असा कोणताही आदेश उपलब्ध नाही’ हे लेखी उत्तर, दोन्ही तुमच्या कामाचे.

महाराष्ट्रातल्या कार्यालयांसाठी नियम कडक आहेत. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंतच मजकूर, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. केंद्राच्या महाराष्ट्राबाहेरच्या कार्यालयांसाठी आणि जम्मू-काश्मीरसाठी अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा. मराठी अर्ज वाचायला ती कार्यालयं कायद्याने बांधलेली नाहीत. चुकीच्या कार्यालयाकडे अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तेव्हा ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत दिला तर घेऊ नका.

उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, आणि तिथेही निभावलं नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. राज्याच्या कार्यालयांसाठी आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे. राज्यात अपिलाला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो, केंद्रात काही नाही. आयोगाकडे तारीख लागायला वेळ लागतो, पण दुसरं अपील टाकलंच नाही तर पहिल्या अर्जाची मेहनतही वाया जाते.

नकार ठरलेल्या शब्दांत येतो. ‘तपास सुरू आहे’ म्हणाले तर लक्षात ठेवा, नुसता तपास सुरू असणं पुरेसं नाही, ही माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते त्यांनी सांगायला हवं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त’ या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. ‘सुरक्षेचा प्रश्न’ म्हणाले तर माहिती अधिकार कायद्याचं कलम १० दाखवा आणि संवेदनशील ओळी काळ्या करून बाकीचं पान मागा. एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) आणि आयबी (केंद्राचा गुप्तचर विभाग) त्याच कायद्याच्या कलम २४ मुळे बहुतांशी कायद्याच्या बाहेर आहेत. मानवी हक्कांचं उल्लंघन आणि भ्रष्टाचार एवढाच अपवाद. त्यामुळे तिथे डोकं आपटत बसू नका. तीच माहिती बहुतेक वेळा जिल्हा प्रशासन, पर्यटन विभाग, रुग्णवाहिका सेवा यांच्याकडे दुसऱ्या रूपात पडलेली असते, आणि ही कार्यालयं कायद्याच्या कक्षेत आहेत.

तपास आणि खटला

एफआयआर तुम्ही दिलेला नसला तरी मृताचे वारस म्हणून कायद्याच्या व्याख्येत तुम्ही ‘पीडित’ आहात. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पोलिसांनी पीडिताला कळवायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३ सांगतं. कळवलं नाही तर तपास अधिकाऱ्याला कलमाचा उल्लेख करून पत्र द्या. दोषारोपपत्राची प्रत वकिलामार्फत मागता येते. लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा हक्क असल्याचं सांगितलं. जामिनाच्या सुनावणीतही वकील उभा करता येतो.

खटले लांबतात, याची मनाशी तयारी ठेवा. मालेगावचा स्फोट २९ सप्टेंबर २००८ चा, निकाल ३१ जुलै २०२५ ला आला आणि सगळे आरोपी सुटले. त्यावर अपील मृतांच्या कुटुंबीयांनी केलं. एनआयए कायद्यात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. निकालाच्या दिवशी टीव्हीसमोर बसून राहू नका, त्याच दिवशी वकिलाकडून प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाकून घ्या.

आणखी एक. खटला हल्लेखोरांवर असतो. बंदोबस्त कुणी काढला, इशारा कुणी दाबला, हे त्या कोर्टात ओघाने आलं तर येतं. तो शोध तिथे लागेल या आशेवर जाबाची फाईल बंद करणारे पुष्कळ.

आयोग, न्यायालय आणि मुदती

सरकार जबाबदारी शब्दांत घेतंही. पहलगामनंतर जुलै २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी मुलाखतीत सुरक्षेतली चूक मान्य केली आणि जबाबदारी स्वीकारली. ते कात्रण लावा, पण चौकशीचा अहवाल म्हणून नाही, कारण मुलाखतीतून कुणाची खातेनिहाय चौकशी होत नाही.

चौकशीची मागणी करताना ती कशाखाली हवी ते स्पष्ट लिहा. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालचा आयोग असेल तर अहवाल आणि केलेल्या कारवाईचं निवेदन सहा महिन्यांत सभागृहात मांडावं लागतं. प्रशासकीय समितीला ते बंधन नाही. मुंबई हल्ल्यानंतरची राम प्रधान समिती प्रशासकीय होती. तिचा अहवाल आधी दडवून ठेवला गेला आणि ओरड झाल्यावर डिसेंबर २००९ मध्ये इथे, नागपूरच्या अधिवेशनात, मांडला गेला. आयोग नेमला म्हणजे काम झालं असंही नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात गोवारी मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. आयोग बसला, अहवाल आला, दोषी कुणी ठरलं नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करायची. सरकारी सेवकाने मानवी हक्कांचं उल्लंघन रोखण्यात हयगय केली, हा तक्रारीचा रीतसर आधार आहे. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा करायचा तर मुदत मृत्यूपासून दोन वर्षं, आणि सरकारवर दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. म्हणजे वकिलाला दीड वर्ष उलटायच्या आत गाठलंच पाहिजे. उच्च न्यायालयात रिट याचिका करून भरपाई मागण्याची वाट १९९३ च्या निलाबती बेहरा निकालाने स्पष्ट केली आहे. घटना बाहेरची असली तरी दाव्याचं काही कारण विदर्भात घडलं असेल तर नागपूर खंडपीठात दाद मागता येते का, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

हिवाळी अधिवेशन

नागपूरला हा एक फायदा आहे आणि आपण तो मोर्चांच्या ट्रॅफिकला शिव्या घालण्यातच घालवतो. डिसेंबरात सगळं मंत्रिमंडळ काही दिवस तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर असतं. मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात, मुख्यमंत्र्यांचं सचिवालय हैदराबाद हाऊसमध्ये.

काम मात्र नोव्हेंबरात सुरू करा. तुमच्या आमदारांना आणि जमल्यास विरोधी बाकावरच्या एखाद्या आमदारांना दोन पानी निवेदन द्या. पहिल्या पानावर घटना आणि एकच मागणी, दुसऱ्यावर अर्जांची यादी, आवक क्रमांक आणि तारखांसकट. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, आधी द्यावा लागतो. वेळ गेली असेल तर लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा मागा. केंद्राचा विषय असेल तर हेच निवेदन खासदारांना, संसदेतल्या प्रश्नासाठी. इतर कुटुंबं सोबत असतील तर सगळ्यांच्या सह्यांचं एकच निवेदन करा आणि बोलायला एकच जण ठरवा. वाहिन्यांचे कॅमेरे विधानभवनाबाहेर उभे असतात, पण कोर्टात चालू असलेल्या गोष्टींवर वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्याशी बोलू नका.

सभागृहात उत्तर आलं की त्याची छापील प्रत आमदारांकडून मागून घ्या. मंत्री ‘माहिती घेऊन कळवतो’ किंवा ‘चौकशी करू’ म्हणाले असतील, तर ते वाक्य आश्वासन समितीच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांचा पाठपुरावा करणाऱ्या समितीच्या, यादीत गेलं का, हे आमदारांच्या स्वीय सहायकांना विचारा. गेलं असेल तर त्याचा क्रमांक लिहून घ्या आणि पुढचा माहिती अधिकार अर्ज त्याच क्रमांकावर टाका.